झेलेनोग्रादची हुकलेली वर्षं

४ मे १९६२. सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा निकिता ख्रुश्चेव्ह लेनिनग्राडमध्ये केबी-२ नावाच्या गोपनीय प्रयोगशाळेत आले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख फिलिप स्टारोस यांनी पाहुण्यांच्या कानात एक इवलासा रेडिओ बसवला आणि तो वाजायला लागला. शेजारी यूएम-१ नावाचा संगणक मांडून ठेवला होता. त्या काळी संगणक म्हटलं की खोलीभर कपाटं डोळ्यांसमोर येत. हा मात्र टेबलावर मावत होता. ख्रुश्चेव्ह बेहद्द खूश झाले. स्टारोस यांनी तीच वेळ साधून मागणी पुढे केली. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्ससाठी एक अख्खं शहर हवं. संशोधन संस्था, कारखाने, शिक्षणसंस्था आणि राहती घरं, सगळं एकाच आवारात.

तीन महिन्यांत हुकूम निघाला. मॉस्कोच्या वायव्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर जंगलात एक उपनगर वसवायचं काम आधीच सुरू होतं. तिथे कापड आणि इतर हलके उद्योग आणायचा बेत होता. तो रद्द झाला आणि ऑगस्ट १९६२ मध्ये झेलेनोग्राद हे सोव्हिएत चिपउद्योगाचं केंद्र ठरलं. पुढच्या तीन-चार वर्षांत मिक्रॉन, आंगस्त्रेम या संस्था उभ्या राहिल्या, त्यांचे कारखाने आले, १९६५ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र शिक्षणसंस्था सुरू झाली. परदेशी माणसाला शहराचे दरवाजे बंद होते.

आणि ज्यांच्या डोक्यातून हे शहर निघालं ते स्टारोस स्वतः अमेरिकन होते. त्यांचं खरं नाव अल्फ्रेड सॅरंट, जन्म न्यूयॉर्कचा. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पुरवल्याच्या आरोपावरून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला १९५३ मध्ये अमेरिकेत देहदंड झाला. त्याच हेरजाळ्यातले सॅरंट १९५० मध्ये मेक्सिकोमार्गे निसटले, प्रागला पोहोचले आणि १९५६ मध्ये लेनिनग्राडला आले. त्यांचा मित्र आणि सहकारी जोएल बार हाही प्रागमार्गेच तिथे आला होता. तो आता जोसेफ बर्ग झाला होता आणि आपण दक्षिण आफ्रिकेतून आलो असं सांगत असे. हे दोघेही उत्तम अभियंते होते. नवा देश उभारायचा, तो कोणाच्याही पुढे न्यायचा, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. त्यांनी केलेल्या हेरगिरीचं समर्थन करता येत नाही. पण लेनिनग्राडमध्ये त्यांनी जे घडवलं त्यात नक्कल कमी आणि स्वतःची बुद्धी जास्त होती, हेही नाकारता येत नाही.

झेलेनोग्रादच्या कारभारात स्टारोस उपसंचालक झाले. प्रत्यक्ष सूत्रं अलेक्झांडर शोकिन यांच्या हाती होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या राज्य समितीचे ते प्रमुख होते आणि १९६५ पासून पुढे वीस वर्षं त्या खात्याचे मंत्री. स्टारोस आणि शोकिन यांचं कधीच जमलं नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांची गच्छंती झाली आणि स्टारोस यांचा आधार गेला. १९६५ मध्ये त्यांना झेलेनोग्रादमधून बाजूला केलं गेलं. ते लेनिनग्राडला परतले, पुढे व्लादिवोस्तोकला गेले आणि १९७९ मध्ये वारले. अमेरिकेतल्या त्यांच्या कुटुंबाला त्यांचा पत्ता लागला तोवर बराच उशीर झाला होता.

शोकिन यांचा मार्ग वेगळा होता. पेनसिल्व्हेनियात एक वर्ष शिकून आलेले बोरिस मालिन नावाचे तरुण अभियंते परतताना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसएन-५१ मालिकेतली एक चिप घेऊन आले. जॅक किल्बी यांनी याच कंपनीत १९५८ मध्ये पहिलं एकात्मिक मंडल, म्हणजेच चिप, तयार केलं होतं. सगळी मंडळी सूक्ष्मदर्शकातून त्या चिपकडे बघत होती. मालिन यांच्या आठवणीनुसार शोकिन यांनी तिथल्या तिथे फर्मावलं की, कसलाही फेरफार न करता ही जशीच्या तशी बनवा. मुदत तीन महिने.

झेलेनोग्रादचं पुढचं सगळं नशीब या एका आदेशात सामावलेलं आहे. अमेरिकेने लादलेल्या निर्बंधांमुळे सोव्हिएत चिपउद्योग मागे पडला, असं सरसकट सांगितलं जातं. निर्बंध कडक होते आणि त्यांनी नुकसान केलं, यात शंका नाही. पण निर्बंधांची धार खरी लागली ती मॉस्कोने स्वतः पत्करलेल्या वाटेमुळे. नक्कल करायचं ठरलं की अस्सल माल सतत मिळत राहावा लागतो, आणि तो ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्या मर्जीवर आपली गती ठरते.

बुद्धीचा तुटवडा होता म्हणून ही वेळ आली, असंही नाही. लाटव्हियातल्या रिगा इथल्या कारखान्यात युरी ओसोकिन यांनी १९६२ मध्येच जर्मेनियमवरचं एकात्मिक मंडल तयार केलं होतं. लेनिनग्राडच्या योफ्फे संस्थेत झोरेस अल्फेरोव्ह अर्धवाहकांच्या थरांवर जे काम करत होते, त्याला २००० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षी पारितोषिकात त्यांचे एक सहविजेते होते खुद्द जॅक किल्बी. सेर्गेई लेबेदेव्ह यांनी रचलेला बीईएसएम-६ हा संगणक पूर्णपणे स्वदेशी होता आणि १९६८ पासून जवळजवळ वीस वर्षं त्याचं उत्पादन चाललं. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्रेमलिनने ठरवलं की, सगळ्या समाजवादी देशांनी मिळून आयबीएमच्या ३६० मालिकेची प्रतिकृती बनवायची. लेबेदेव्ह यांनी विरोध केला. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

चिपची नक्कल अवघड का असते, हे समजायला तिच्या घडणीकडे जवळून बघायला हवं. सिलिकॉनची एक गोल चकती घ्यायची. तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप द्यायचा. मग नक्षी कोरलेल्या काचेतून, म्हणजे मास्कमधून, प्रकाश पाडायचा. जिथे प्रकाश पडला तिथला लेप बदलतो, आणि उघड्या पडलेल्या भागावर रसायनांची प्रक्रिया करता येते. पुन्हा लेप, पुन्हा प्रकाश, पुन्हा रसायन. असे अनेक फेरे. प्रत्येक फेऱ्यात तापमान, वेळ, रसायनाची शुद्धता, हवेतली धूळ यांतलं एकही बिघडलं तर चकतीवरच्या शेकडो चिप्सपैकी बऱ्याच मरतात. शेवटी किती चालू निघाल्या, उतारा किती पडला, यावर सगळं अर्थकारण ठरतं. आता सूक्ष्मदर्शकाखाली तयार चिप ठेवून तिची नक्षी उतरवता येते. पण भट्टीचं तापमान किती होतं, आम्ल किती शुद्ध होतं, कोणत्या फेऱ्यानंतर चकती किती वेळ थांबवली, हे त्या चिपवर लिहिलेलं नसतं. ते कारखान्यातल्या माणसांच्या हातात असतं, आणि उतारा वाढवण्यासाठी त्यांनी हजारदा हात पोळून घेतलेले असतात.

अमेरिकेत हा हात बसला तो बाजारामुळे. सुरुवातीचे गिऱ्हाईक तिथेही सरकारीच होते. मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यान यांनीच पहिल्या चिप्स विकत घेतल्या. पण फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांनी किमती मुद्दाम खाली आणल्या, कारण त्यांची नजर सामान्य बाजारावर होती. त्यांचे सहकारी गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका लेखात लिहिलं की, एका चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० च्या घरात पोहोचेल. म्हणजे शोकिन यांचे अभियंते ज्या चिपची नक्कल करायला बसले होते, ती नक्कल पुरी होईपर्यंत अस्सल जुनी झालेली असायची. नकलेला तीन-चार वर्षं लागली तर तेवढ्या काळात मूळ कारखाना तीन-चार पायऱ्या वर चढलेला असायचा. आणि पुढच्या पायरीसाठी पुन्हा नमुना मिळवणं आलंच.

झेलेनोग्रादमध्ये मुख्य गिऱ्हाईक एकच होतं, लष्कर. लष्करी तपासनीस तयार चिप्स पारखून घेत. त्यांच्या पसंतीस उतरलेल्या चिप्सवर समभुज चौकोनाचं चिन्ह उमटवलेलं असे. क्षेपणास्त्राला शंभर चिप्स हव्या असतील तर हजार बनवायच्या आणि त्यातल्या शंभर निवडायच्या, हे परवडत होतं, कारण खर्चाचा हिशेब विचारणारं कोणी नव्हतं. उतारा सुधारण्याची निकड जिथे नाही तिथे हात बसणार तरी कसा?

नकलेचा सगळ्यात बोलका पुरावा एका मोजपट्टीवर सापडतो. अमेरिकन चिपच्या दोन पायांमधलं अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर असतं. सोव्हिएत मानकांत इंच बसत नव्हता, म्हणून ते अंतर सरळ २.५ मिलिमीटर केलं गेलं. फरक ०.०४ मिलिमीटरचा. छोट्या चिपला त्याने काही बिघडत नाही. पण इंटेलच्या ८०८० या मायक्रोप्रोसेसरची नक्कल असलेल्या केआर-५८० ला चाळीस पाय, एका बाजूला वीस. पहिल्या पायापासून विसाव्या पायापर्यंत फरक साचत जाऊन पाऊण मिलिमीटरचा होतो आणि चिप पाश्चात्त्य सॉकेटमध्ये सरळ बसत नाही. परदेशी पाठवायच्या चिप्स मग इंचाच्या मापाने वेगळ्या बनवाव्या लागत आणि त्यांच्या नावापुढे निर्यातीचं अक्षर जोडलं जाई. आत सगळं इंटेलचं, बाहेर मात्र स्वतःचं मानक. आणि त्या मानकामुळे जगाच्या बाजाराशी जुळण्याची उरलीसुरली सोयही गेली.

या सगळ्याला दुसरी बाजू पॅरिसची होती. १९४९ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी कोकॉम नावाची एक समिती स्थापन केली. तिचा कोणताही करार जाहीर झालेला नव्हता, आणि कार्यालय पॅरिसमध्ये अमेरिकी वकिलातीच्या एका जोडइमारतीत होतं. कम्युनिस्ट देशांना काय विकायचं नाही याची यादी इथे ठरे, आणि एका सदस्याने नकार दिला तरी सौदा अडे. चिप बनवायची यंत्रं, अतिशुद्ध सिलिकॉन, संगणक, मोजणीची उपकरणं हे सगळं यादीत होतं. तरी १९७० च्या दशकात तणाव निवळला तसे बरेच परवाने सुटले, आणि उरलेलं आडवाटेने जात राहिलं.

त्या आडवाटेसाठी केजीबीने एक खास शाखा उभी केली होती, लाइन एक्स. पाश्चात्त्य तंत्रज्ञान मिळवणं हे तिचं एकमेव काम. कोणत्या खात्याला कोणतं यंत्र हवं याच्या मागण्या वरून येत, त्यांना किंमत आणि प्राधान्य लावलं जाई, आणि जगभरच्या वकिलातींतून माणसं कामाला लागत. ही यंत्रणा उघडी पडली ती आतल्याच माणसाकडून. लाइन एक्सने आणलेला माल तपासणारे अधिकारी व्लादिमिर वेत्रोव्ह यांनी १९८१ मध्ये फ्रेंच गुप्तचरांशी संधान बांधलं आणि वर्षभरात सुमारे चार हजार कागद त्यांच्या हवाली केले. फ्रेंचांनी त्यांना फेअरवेल हे टोपणनाव दिलं होतं. फ्रान्सचे नवे समाजवादी अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट होते, त्यामुळे वॉशिंग्टन त्यांच्याकडे संशयाने बघत होतं. जुलै १९८१ मध्ये ओटावाच्या परिषदेत मितराँ यांनी रोनाल्ड रेगन यांना या कागदांची माहिती दिली आणि संशय मावळला.

कागदांमधून जे समोर आलं त्याने अमेरिकी अधिकारी हादरले. सोव्हिएत लष्कराच्या चिप्स, रडार, संगणक यांच्यामागे अमेरिकेच्याच प्रयोगशाळा उभ्या होत्या. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अमेरिकी सीमाशुल्क खात्याने ऑपरेशन एक्झोडस सुरू केलं. बंदरांवर आणि विमानतळांवर निर्यातीची खोकी उघडून तपासली जाऊ लागली. एप्रिल १९८३ मध्ये फ्रान्सने ४७ सोव्हिएत अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली. वेत्रोव्ह मात्र तोवर एका खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले होते. पुढे त्यांची फितुरी उघड झाली आणि त्यांना गोळी घालण्यात आली.

नोव्हेंबर १९८३ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात आणि पश्चिम जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये काही कंटेनर अडवले गेले. आत डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीचा व्हॅक्स ११/७८२ संगणक सुट्या भागांत भरलेला होता. रिचर्ड म्युलर नावाच्या पश्चिम जर्मन व्यापाऱ्याने तो दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीच्या नावाने विकत घेतला होता. पुढचा मुक्काम सोव्हिएत संघ होता. व्हॅक्सवर चिप्सचे आराखडे काढता येत, म्हणून त्याची एवढी मागणी. कंपनीच्या अभियंत्यांनाही आपल्या मालाचं पुढे काय होतं हे ठाऊक होतं. काही वर्षांनी त्यांनी सीव्हॅक्स ही चिप बनवली तेव्हा तिच्या सिलिकॉनवर, फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसेल अशी, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये एक ओळ कोरली. चोरायचंच तर सर्वोत्तम तेच चोरणाऱ्यांना उद्देशून ती होती. नक्कल करायला बसलेल्या अभियंत्याला ती वाचावीच लागली असती.

चोरीचा माल आणि चोरीचं यंत्र यांत फार फरक आहे. चिप चोरली तर ती निदान चालते. चिप बनवायचं यंत्र आडवाटेने आणलं तर त्याच्यासोबत दुरुस्तीचा माणूस येत नाही, सुटे भाग येत नाहीत, नवी आवृत्ती येत नाही. एक नळी फुटली की पुन्हा तस्करी. निर्बंधांचा मार सगळ्यात जास्त बसला तो इथे.

पूर्व जर्मनीची कथा याच कथेचा आणखी करुण अध्याय आहे. त्या छोट्या देशाने १९७७ पासून चिप्सवर अब्जावधी मार्क ओतले, त्यांच्या गुप्तचर संस्थेने, श्टासीने, जपान आणि पश्चिम जर्मनीतून यंत्रं पळवली. सप्टेंबर १९८८ मध्ये देशाचे सर्वेसर्वा एरिक होनेकर यांच्या हाती एक मेगाबिट स्मृतीची चिप मोठ्या समारंभाने देण्यात आली. चिप खरी होती आणि ड्रेस्डेनच्या अभियंत्यांनी तिच्यासाठी खरोखर रक्ताचं पाणी केलं होतं. पण जपानी कारखाने तीच चिप तोवर लाखांनी बनवत होते. चौदा महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली.

भिंत पडण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने हा हिशेब मांडला होता. मार्शल निकोलाय ओगार्कोव्ह हे सोव्हिएत सेनादलांच्या जनरल स्टाफचे प्रमुख. न्यूयॉर्क टाइम्सचे लेस्ली गेल्ब यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, १९८३ च्या सुमारास ओगार्कोव्ह त्यांना म्हणाले की, अमेरिकेत लहान मुलं संगणकाशी खेळतात आणि आमच्या संरक्षण मंत्रालयाच्या प्रत्येक कार्यालयातही संगणक नाही. आधुनिक लष्करी बळ तंत्रज्ञानावर उभं आहे, तंत्रज्ञान संगणकावर, आणि त्यासाठी आधी अर्थव्यवस्था बदलावी लागेल, राजकारणही बदलावं लागेल. हे बोलणारा माणूस विरोधक नव्हता, देशाच्या सैन्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता. सप्टेंबर १९८४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आलं.

याच वर्षांत निर्यातबंदीची झळ पुण्यापर्यंत पोहोचली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी भारताला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. तो अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या कामाला जुंपला जाईल या शंकेने अमेरिकेने १९८७ मध्ये तो नाकारला. दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून लहान यंत्र कडक अटींवर मिळालं. राजीव गांधी सरकारने मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना केली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्याकडे महासंगणक उभारायचं काम सोपवलं. मुदत तीन वर्षांची.

भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रेची नक्कल केली नाही. चिप भारतात बनणार नव्हती आणि तसा आव त्यांनी आणलाही नाही. ब्रिटिश कंपनी इनमॉसची ट्रान्सप्युटर ही चिप बाजारात रीतसर विकत मिळत होती. शेजारच्या चिप्सशी थेट बोलण्यासाठी तिला चार जोडण्या होत्या. अशा ६४ चिप्स एकत्र गुंफायच्या, काम त्यांच्यात वाटायचं आणि ते वाटप करणारी आज्ञावली स्वतः लिहायची, असा मार्ग त्यांनी निवडला. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. नाकारलेल्या वस्तूच्या मागे न लागता, त्या वस्तूने जे काम व्हायचं होतं ते काम कसं होईल, हा प्रश्न पुण्यात विचारला गेला. झेलेनोग्रादने तो विचारलाच नव्हता. अर्थात भारताची अडचण लहान होती. खुल्या बाजाराचा दरवाजा त्याला बंद नव्हता, आणि पायाभूत चिप परक्याचीच राहिली. ती उणीव आजही पुरती भरून निघालेली नाही.

त्याच वर्षी एक परम ८००० मॉस्कोतल्या संगणक-आराखडा संस्थेत बसवला गेला. डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मार्च १९९४ मध्ये कोकॉमही गुंडाळली गेली.

बंदी उठल्यावर झेलेनोग्राद सावरायला हवं होतं. झालं उलटंच. लष्कराच्या मागण्या एका रात्रीत आटल्या आणि बाजारात विकण्याजोगं फारसं काही हाताशी नव्हतं. लांडगा अंडी झेलतो तो हातातला खेळ तिथे अनेक घरांत होता, पण तोही निन्टेन्डोच्या खेळण्याची नक्कल होता. चांगले अभियंते बाहेर पडले. महासंगणकांचे नावाजलेले रचनाकार बोरिस बाबायान २००४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह इंटेलमध्ये गेले. आंगस्त्रेमने २००० च्या दशकात मोठी उडी घ्यायचं ठरवलं. पूर्व जर्मनी संपल्यावर ड्रेस्डेनमध्ये अमेरिकन एएमडी कंपनीने कारखाना काढला होता. त्याची जुनी यंत्रं रशियन सरकारी बँकेच्या ८१५ दशलक्ष युरोंच्या कर्जातून विकत घेतली गेली. झेलेनोग्रादमधली इमारत तयार नव्हती, म्हणून ती यंत्रं अनेक वर्षं नेदरलँड्समधल्या गोदामात पडून राहिली. कारखाना सुरू होईपर्यंत रशियाने क्रिमिया घेतला होता. २०१६ मध्ये अमेरिकेने आंगस्त्रेमला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये नव्या कारखान्याचं दिवाळं वाजलं. ज्या ड्रेस्डेनने ती यंत्रं विकली, तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीने भागीदारांसह नव्या चिप कारखान्याची पायाभरणी केली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि निर्बंधांचा पुढचा, अधिक कठोर फेरा सुरू झाला. एल्ब्रुस आणि बैकाल हे रशियाचे स्वदेशी म्हणवले जाणारे प्रोसेसर प्रत्यक्षात तैवानमध्ये टीएसएमसीकडून बनून येत. ते काम थांबलं. पण लढाईच्या मैदानात पडलेल्या रशियन शस्त्रांचे अवशेष उघडले गेले तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. लंडनच्या रुसी या संरक्षणविषयक अभ्याससंस्थेने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये २७ शस्त्रप्रणालींची तपासणी जाहीर केली. त्यांत परदेशी बनावटीचे किमान ४५० वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक भाग होते, बहुतेक अमेरिकन कंपन्यांचे. तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती, हाँगकाँग अशा ठिकाणच्या दलालांमार्फत चिप्सची वाट अजूनही सापडते. रात्री कीव्हवर येणाऱ्या क्षेपणास्त्राला अत्याधुनिक चिप लागत नाही. वीस वर्षांपूर्वीची, धुलाईयंत्रात चालेल अशी चिपही तिथे माणसं मारायला पुरते. पोत्याने विकला जाणारा माल अडवणं कोणत्याही यादीला साधलेलं नाही.

चीनचं प्रकरण यापेक्षा निराळं आहे, आणि सोव्हिएत अनुभवावरून त्याचं भाकीत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. मे २०१९ मध्ये हुआवे ही चिनी कंपनी अमेरिकेच्या काळ्या यादीत गेली, सप्टेंबर २०२० पासून टीएसएमसीकडून तिच्या चिप्स बंद झाल्या, ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनी अमेरिकेने प्रगत चिप्स आणि त्यांची यंत्रं दोन्ही अडवली. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीचं सर्वांत प्रगत लिथोग्राफी यंत्र चीनला कधीच मिळालं नाही. तरी ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो बीजिंगमध्ये असतानाच, हुआवेने मेट ६० प्रो हा फोन बाजारात आणला. त्यातली सात नॅनोमीटर श्रेणीची चिप एसएमआयसी या चिनी कंपनीने जुन्या पिढीच्या यंत्रांवर बनवली होती. चीनकडे जगाला फोन विकणारी बाजारपेठ होती, टीएसएमसीत तयार झालेली माणसं होती, आणि बंदी येण्याआधी रीतसर विकत घेतलेली यंत्रं होती. त्याच ऑगस्टपासून त्याने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावून उलट डावही टाकला. झेलेनोग्रादकडे यांतलं काहीच नव्हतं.

तिथल्या नॅनोतंत्रज्ञान केंद्राने बेलारूसमधल्या मिन्स्कच्या प्लानार कंपनीबरोबर स्वतःचं लिथोग्राफी यंत्र तयार केल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. ते ३५० नॅनोमीटरची नक्षी उमटवतं, म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंटेल जे करत होती ते. या वेळी कोणाची चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली नव्हती आणि तीन महिन्यांची मुदतही नव्हती. पुढचं लक्ष्य १३० नॅनोमीटरचं आहे.